घड्याळवालीचं नाक आणि दादाचा रिपोर्ट

तीर्थरूप दादास,

हातातला रुमाल न सोडता साष्टांग नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असालच. तुझ्या लॅबमध्ये घरच्यांना आजार निघण्याची बिशाद नाही. मी मात्र शिंकते आहे, आणि आता कुणाची भीडभाड न ठेवता शिंकते आहे.

तू माझ्या हातावर सुया टोचल्यास, रक्त काढलंस आणि ‘ॲलर्जी नाही’ असं लिहून शिक्का मारलास. वर आमच्या घड्याळाच्या दुकानाच्या मालकांना फोनवर सांगितलंस, हे सगळे मनाचे खेळ आहेत. (तुला विचारलं होतं कुणी?) झालं! दुकानातला धुळीने भरलेला जुना गालिचा उचलायचा सोडून त्यांनी मलाच दुरुस्तीच्या टेबलावरून उचललं. माझ्या एका शिंकेसरशी गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे अकरा स्क्रू त्या गालिच्यात गेले हे खरं. नऊ सापडले हेही खरं. पण बावीस वर्षं ज्या हातांनी बंद घड्याळं चालू केली, ते हात आता काउंटरवर पट्टे विकतात. रडू येतं रे, आणि लोकांना वाटतं सर्दी झालीय.

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. तडक नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, काहींची ॲलर्जी नाकातच मुक्काम ठोकून असते, कातडीला आणि रक्ताला तिचा पत्ताही नसतो. तेव्हा विचारायचं ते नाकालाच. आधी नाकात नुसतं मिठाचं पाणी सोडलं. नाक शहाण्यासारखं गप्प. (म्हणजे उगाच शिंकणाऱ्यातलं ते नाही, लक्षात घे.) मग धुळीतल्या बारीक किड्यांच्या अर्काचा थेंब. दादा, सतरा शिंका! नाकातून हवा किती जाते ते मोजणाऱ्या यंत्राचा आकडा निम्म्यावर आला, बाईंनी आपला चहा झाकून ठेवला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच आनंदाने शिंकले.

आता बाईंचं पत्र मालकांपुढे आपटणार. दुकानात गालिचा राहील किंवा मी, आणि मी कुठेही जाणार नाही. तुझ्या सुयांना आपला दुरूनच नमस्कार.

तुझी,
खरीखुरी शिंकणारी बहीण

ता.क. बाईंचं पत्र अजून हातात आलेलं नाही. कातडी आणि रक्त दोन्हीत काही निघालं नाही, याचा पुरावा जोडल्याशिवाय ‘ॲलर्जी फक्त नाकात’ असं लिहिता येत नाही म्हणे. म्हणजे तुझाच रिपोर्ट लागतो. तो मी रागाच्या भरात फाडला. नवी प्रत पाठव, शिक्का ठळक मार.

आणखी एक ता.क. सोमवारच्या आत पाठव. बाईंना मी ‘दादाचा कागद कपाटात जपून ठेवलाय’ असं सांगून आले आहे.