अळीचा वाटा

बाबा, आज आपल्या कोंढ्याच्या वावरात, त्या शेतात, कपाशीची बोंडं फोडून पाहिली आणि तुमचा इतका राग आला की तिथेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. आत गुलाबी अळी, सरकी खाऊन सुस्तावलेली. शास्त्रज्ञांनी अळीला मारणारं विष या बीटी कपाशीच्या अंगातच घातलं होतं, तेच ती आता पचवते आहे. गाव बियाण्याच्या कंपनीला शिव्या घालतं. घालू दे. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही मरून मोकळे झालात.

बियाण्यासोबत साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट यायचं, वावराच्या कडेनं लावायला. मी कृषी महाविद्यालयातून सुट्टीत आलेली. ओसरीवर तुम्ही चार माणसांत बसलेले. मी समजावून सांगते आहे, की साध्या झाडांवर अळ्या जगू द्यायच्या, त्यांचे पतंग होऊ द्यायचे. विषाला न मरणारा एखादा पतंग निघालाच, तर त्याची जोडी या साध्या पतंगांशी जुळते आणि पिल्लं पुन्हा विषानं मरतात. तुम्ही तंबाखू मळत म्हणता, "काहून वो माय, किड्यायचे लगन लावाले वावर ठेवलं का मी?" सगळी ओसरी खो खो हसली. पाकीट तुम्ही उकिरड्यावर भिरकावलंत आणि मला चहा मांडायला पाठवलंत. पुढे दरवर्षी तेच. तुमचं पाहून गावानंही तेच केलं, कारण तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! धान निघालं की चिमण्यांसाठी लोंब्या दाराला बांधणारे तुम्हीच ना? मग अळीला कडेच्या दोन ओळी द्यायला काय धाड भरली होती?

उद्या सगळी कपाशी उपटायची, म्हणून बाया सांगून ठेवल्या. तेवढ्यात शेजारचे काका धुऱ्यावर आले. किडकं बोंड हातात घेऊन म्हणाले, "तुह्या बाबाच्या टायमाले असी अळी नोहती. त्यायनं बराबर शेती केली." अगदी ओठांवर आलं होतं, की सगळं सांगून टाकावं. पण मी म्हटलं, "हो काका, बाबायची गोष्टच अलग होती."

घरी येऊन हे लिहिलं. धाडायला पत्ता नाही, आणि गावात कुणाला वाचूनही दाखवणार नाही. तुम्ही चुकलात, बाबा. सपशेल चुकलात. पण हे दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही.