बावीसही खलाशी सुखरूप

४ ऑगस्ट
तांबड्या समुद्रात पेटलेल्या मालवाहू जहाजावरचे एकवीस खलाशी वाचले, एक बेपत्ता. जहाज कंपनीनं रात्री सव्वाआठला दुजोरा दिला.

आमची डाक आवृत्ती संध्याकाळी सातलाच सुटते — चंदगड, गगनबावडा, लांबचे सगळे तालुके. तिच्यात माझा मथळा गेला: 'बावीसही खलाशी सुखरूप'. तेव्हा एजन्सीची बातमी तशीच होती. शहर आवृत्तीत आकडा बदलला. तीस वर्षं हेच करतोय. कोल्हापूरला ताजं, चंदगडला उरलेलं.

५ ऑगस्ट
संपादक धैर्यशील यांना रविवारच्या पुरवणीत समुद्र हवाय. पूर्ण पान. नकाशा, तेलाचे भाव, धर्मग्रंथातली दुभंगलेल्या पाण्याची जुनी कथा, प्रवाळांचे फोटो. "जगाची नस वगैरे म्हणा. वाचक ओढला पाहिजे." विचारलं, खलाशी कुठं घ्यायचे? "चौकटीत. जागा उरली तर."

लिहून दिलं. सहाशे शब्द, वेळेच्या आधी. स्वतःचीच किळस आली.

७ ऑगस्ट
आमचा चंदगडचा वार्ताहर नागसेन, त्याचा फोन. बेपत्ता खलाशी त्याच्याच गावचा. कृष्णात. वय सत्तावीस, जहाजाच्या इंजिनावर कामाला. घरी एकटी आई — पारूबाई.

"सर, तिकडच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलंय. कंपनीचा माणूस आलता. ओळख पटवायला आईचं रक्त पायजे, मुंबईला जाऊन. त्या न्हाय म्हणत्यात."

का?

"आपला पेपर दाखवत्यात की. त्या माणसाला म्हणाल्या, पावणं, तुमच्या तोंडापेक्षा छापलेलं खरं. च्या घ्या आणि जावा."

धैर्यशीलकडे गेलो. दुरुस्ती छापू म्हटलं. "अहो, शहरात बरोबरच गेलंय. बाकी लोक विसरले." कोण लोक! टेबलावरचा पेपरवेट उचलला होता मी. परत ठेवला.

८ ऑगस्ट
दुरुस्ती नाही.

१० ऑगस्ट
पुरवणी आली. देखणी झालीय, त्याचाच संताप. प्रवाळ निळेशार, नकाशा चार रंगांत. चौकट गाळली. तिच्या जागी समुद्राखाली पोहण्याच्या सहलीची जाहिरात. जगातला प्रत्येक वाहिनीवाला त्या पाण्यावर बोट ठेवून बोलतोय, आणि त्यात बुडालेल्या माणसाला आमच्याकडे दोन ओळी नाहीत.

नागसेनला कळवलं, उद्या येतो.

११ ऑगस्ट
एसटी पाच तास. नुसतं धो धो. काजूच्या बागेखाली घर. दारातच पारूबाई. "कोल्हापूरचं पावणं व्हय? भिजलासा. आत या."

मथळा कापून भिंतीला डकवलेला. माझ्याच हातचे तीन शब्द.

बसलो नाही. सांगितलं — हे मी लिहिलं. हे चुकीचं आहे. तासाभरात मला कळलं होतं, पण मी ते फक्त शहरापुरतं नीट केलं. बोलताना धैर्यशीलवरचा राग कुठं गेला कोण जाणे. सातला आवृत्ती सोडणाऱ्यांत मीही होतोच. एवढ्या वर्षांत 'थांबा' म्हटलं नाही एकदाही.

त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "भात टाकलाय. खाऊन जावा."

एवढंच. नागसेनकडे मुक्काम.

१२ ऑगस्ट
सकाळी एसटी स्टँडवर पारूबाई, हातात पिशवी. नागसेन त्यांच्याबरोबर मुंबईला निघालाय. पिशवीतून त्यांनी एक घडी केलेला अंक काढून माझ्या हातात दिला. त्याच तारखेचा आमचा अंक — शहर आवृत्ती. 'एकवीस वाचले, एक बेपत्ता.'

"कंडक्टरनं त्याच दिवशी कोल्हापूरचा आणून दिलता. दोन्ही तुमचंच. मला पायजे त्यो धरला. आता लिवणाराच खोटं म्हणतोय, तर काय धरू?"

उद्या रक्त घेतील. निकाल पुढच्या मंगळवारी अपेक्षित. कंपनी तो संध्याकाळी सातनंतर कळवणार आहे.