एक केस कमी होती

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मोरू आज नाही म्हणाला! चाळीस वर्षं आमच्या वाडीतले नारळ पाडतोय, पहिल्यांदाच नाही म्हणाला. "गुडघं ऐकत न्हाय बाई. आता दुसरा बघा." दुसरा कुठून बघू? तीन गावांत मिळून माडावर चढणारा हा एकटाच, तोही सहासष्ट वर्षांचा.

५ नोव्हेंबर

पार मुरुडपर्यंत फोन झाले. कोणी नाही. सुके नारळ आपसूक पडतायत — धाडकन कौलांवर.

८ नोव्हेंबर

दुपारची एसटी बंद झाली. चढायलाच कोणी नाही म्हणे! पिठाची गिरणी आठवड्यातून दोनच दिवस. आमच्या शाळेच्या पटावर चार मुलं — मी शिकवत होते तेव्हा एकसष्ट. सलिलचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक ना वाडी." घेणारा माड ठेवणार थोडाच! तोडून खोल्या बांधेल.

९ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. एक्क्याण्णव साली आम्हा शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायला लावायचे. माझी एक केस कमी होती. मोरूची ठमाबाई तेव्हा तेवीस वर्षांची, पदरात एकटी कोकिळा. "एकच पुरे" म्हणून मी तिच्या मागेच लागले. ऑपरेशनच्या शिबिराला नेलं. माझा आकडा पुरा झाला!

कोकिळा आता पनवेलला नोकरी करते. मोरूच्या मागे कोणी नाही. मुलगा झाला असता तरी तो माडावर चढला असता का, कोण जाणे. पण ठरवायचं तिनं होतं. फार लाज वाटते.

११ नोव्हेंबर

ठमाबाईकडे गेले. चहा झाला. मग एका दमात सगळं सांगितलं — केस, आकडा. माफ कर म्हटलं. तर ती हसायलाच लागली! "मला ठावं व्हतं बाई. मलाच दुसरं नको व्हतं. सासूला सांगायची हिंमत न्हवती. तुमचं नाव पुढं केलं नि सुटले!"

घरी येऊन जेवले नाही.

१२ नोव्हेंबर

दुसरं मला हवं होतं. फार हवं होतं. पण दारोदार "एकच पुरे" सांगणाऱ्या बाईंनी स्वतः पोट घेऊन शाळेत जायचं कसं? ह्यांनी दोनदा विचारलं. मी नको म्हणाले.