तांब्या भरून ठेव

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलेय. मी मजेत आहे. नवरीमुलींचे केस बांधून बांधून बोटं दुखतात, एवढंच. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना? बाबांचा खोकला कसा आहे?

धाकटीच्या लग्नात तिचे केस मीच बांधणार, पण घरी. हॉलवर येणार नाही. दादाच्या लग्नात मी पाण्याला हात लावला नाही, तर मावशीला वाटलं, मी रुसलेय. रुसायचं कुणावर गं! हॉलवर काम असलं की मी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद करते. तू मला लेक म्हणून पदरात घेतलंस, पण तिथल्या बाथरूममध्ये बायका "पुरुष शिरला" म्हणून ओरडतात. पुरुषांकडे गेले, तर एकदा कुणीतरी बाहेरून कडी घातली. जाऊ दे. लघवीला जरा जळजळ होते, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी प्या. मी हो म्हटलं.

तू लिहिलंस, "मी दाराशी उभी राहते, बघू कोण अडवतं." लहानपणी मी अंधाराला घाबरायचे, तेव्हा अशीच उभी राहायचीस. पण नवरीच्या आईनं लग्न सोडून बाथरूमपाशी पहारा द्यायचा? आणि पुढच्या हॉलवर कोण उभं राहील?

तेवढा तांब्या भरून ठेव. तुम्ही सगळे हॉलवर गेलात, की मी आतून कडी लावून पोटभर पाणी पिईन.

तुझीच,
मोठी