द्वादशीच्या दोन गोळ्या

मेलकावेरी, कुंभकोणम
१८ जुलै २०२४, द्वादशी

लाडक्या श्रीविद्येस,

अक्काचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. काल एकादशीचं भजन छान रंगलं. ह्यांची विड्याच्या पानांच्या धंद्याची धावपळ नेहमीचीच. ताकातल्या मिरच्या वाळवल्यात, उद्या हे चेन्नईला येतील तेव्हा त्या आणि हे पत्र तुझ्या हाती देतील.

पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. दोनदा फाडलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भाजीच्या गोष्टी सांगत बसते.

माझ्या छातीतली काढलेली गाठ कॅन्सरची नव्हती, हे खरं. पण तिच्यातल्या पेशी बऱ्या नव्हत्या. पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी आहे. इस्ट्रोजेन हार्मोनला ती स्तनात काम करू देत नाही. अंगातून वाफा निघतात, एका जागी बसवत नाही. त्यात तुझी शहाणी अक्का एकादशीला गोळीचाही उपास करते आणि द्वादशीला दोन घेते. आज आमच्या हरिणीने आईलाच पकडलं नि थेट डॉक्टर शिवकामींना फोन लावला.

त्यांनी मला फैलावर घेतलं. गोळीला उपास नसतो, चुकली तरी दुप्पट घ्यायची नाही. मग पुन्हा विचारलं, घरात आधी कोणाला कॅन्सर होता का? तीनदा नाही म्हटलं होतं. आज हो म्हणून गेले.

श्रीविद्या, अम्मा तापाने गेली नाही. तिच्या छातीत गाठ होती. तू कॉलेजला होतीस, पट्ट्या मी बदलायची. तुळशीवर हात ठेवायला लावून ती म्हणाली, "धाकटीचं लग्न व्हायचं आहे. कोणास सांगू नको."

तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. आधी वचनासाठी गप्प होते, नंतर तू रागावशील या भीतीने.

आणि आता मूल व्हावं म्हणून तू दवाखान्यात इंजेक्शनं घेतेस. तिथल्या फॉर्मवर 'आईला काही नव्हतं' असं लिहिलंस, मला वाचून दाखवलंस, आणि मी हूं म्हटलं. माझी गोळी ज्याला अडवते तेच तुझ्या इंजेक्शनांनी वाढतं. शिवकामी म्हणतात, घाबरण्यासारखं काही नसेलही, पण तुझ्या डॉक्टरांना हे सोमवारच्या इंजेक्शनाआधी कळलंच पाहिजे.

मलाही मावशी व्हायचंय गं. पण आधी मला तू हवीस.

माझ्याशी सोमवारनंतर हवं तेवढं भांड. आधी जाऊन ती ओळ खोड.

वचन मोडलेली,
तुझी अक्का
गोदा