शकुबाईचा डबा कोणाकडे राहील

मी, शकुबाई रूपराव उरकुडे, वय वर्षे अडुसष्ट, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा घेऊन लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही. धमकावील असा माणूस आमच्या बोळीत अजून जन्माला यायचा आहे. मला डोळ्यांनी कमी दिसते, पण डोके साफ आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

'धंदा' या शब्दापुढे अनुप वकिलाने आधी 'गृहिणी' असे टाइप केले होते. मी ते खोडायला लावले. तो म्हणाला, "काकू, सगळे तसंच लिहितात." मी म्हटले, "लिहीत असतीन लोकं. माह्या कागदावर खरं लिही." तरी वाचणाऱ्याने माझा धंदा 'गाडीमालक व चालक' असा वाचावा. काचबिंदूमुळे दोन वर्षांपासून मी गाडी चालवत नाही, पण म्हणून धंदा बदलत नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

कलम १. राहते घर, आणि सेलूच्या शिवारातील ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलेले शेत, हे दोन्ही माझा एकुलता एक मुलगा गोपाल याला मिळावे. गोपाल नागपूरला असतो. मनाने चांगला आहे, फोन करतो, दिवाळीला येतो. घर त्याने विकले तरी माझी हरकत नाही, फक्त अंगणातील टिनाचे शेड आणि त्यातील विजेचा बोर्ड यांना हात लावू नये. का, ते कलम ४ मध्ये येईल. गोपाल, घाई करू नको, क्रमाने वाच.

कलम २. माझी नात सुरभी हिला माझी पितळी भांडी आणि काळा गॉगल द्यावा. गॉगल घालून स्टेअरिंगवर बसलेला माझा फोटो तिनेच काढला होता. तो फोटो मी गेल्यावर भिंतीवर लावावा. दुसरा कोणताही फोटो लावू नये, त्यात मी रडकी दिसते.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझी तेरवी करावी. जेवण बोळीतच रांधावे. भांडी, तांदूळ, गॅसची टाकी, सगळे माझ्याच गाडीतून आणावे. दुसरी गाडी भाड्याने सांगितली तर मी बघून घेईन.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

माझ्या नावावर चार चाकांची, विजेवर चालणारी एक छोटी पांढरी व्हॅन आहे. पुढे दोघे बसतात. मागची बाकडी उघडली की चौघे बसतात, मिटली की गव्हाची पोती मावतात. सगळे सेलू तिला 'शकुबाईचा डबा' म्हणते. पहिल्यांदा हे नाव लोकांनी मला चिडवायला ठेवले, तेव्हा मी चिडले. आता कोणी नुसते 'व्हॅन' म्हटले तर मला राग येतो.

हा डबा का घेतला, ते लिहून ठेवते, कारण गोपालला वाटते की म्हातारपणी माझे डोके फिरले होते. माझे यजमान रूपराव आजारी पडले तेव्हा त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे होते. बोलावलेली मोठी गाडी आमच्या बोळीत शिरेना. आमची बैलगाडी तोवर मोडकळीस आली होती, म्हणून त्यांना खाटेवर घालून चौघांनी रस्त्यापर्यंत नेले. जिवंत माणसाला चौघांनी उचललेले मी पाहिले आहे. खाटेवरून ते मला म्हणाले, "शकू, आपली बैलगाडी या बोळीत येत होती वं. तेवढीच गाडी पायजे होती." ते दवाखान्यातून परत आले नाहीत. वर्षभराने मी बैलजोडी विकली, पाटल्या मोडल्या, बाकी बँकेकडून घेतले, आणि बैलगाडीएवढी गाडी आणली. हप्ते सगळे फिटले आहेत.

दुकानात पोरगा मला मोठमोठ्या गाड्या दाखवत होता. मी घरून सुतळी घेऊन गेले होते. तानबाच्या पिठाच्या चक्कीजवळ आमची बोळ सर्वात अरुंद आहे, तिथली रुंदी मी सुतळीवर गाठ मारून नेली होती. सुतळीत बसली ती गाडी घेतली. त्याने विचारले, "आजी, रंग कोणता?" मी म्हटले, "वळते कशी ते दाखव पयले."

बाजार भरत नाही त्या दिवशी बाजाराच्या मैदानात मी गाडी शिकले. शेजारी बसायला कोणी तयार नव्हते. गोपाल तर फोनवरच ओरडला. बसली ती दीपमाला.

दीपमाला हरिदास थूल ही मूळची नाचणगावची. नवऱ्याने टाकल्यावर सेलूला आली आणि माझ्या अंगणातील खोलीत भाड्याने राहिली. मी गाडी ओट्यावर चढवली तेव्हा ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "काकू, आता उतरवा." पुढे आम्ही दोघींनीही लायसन्स काढले. परीक्षेच्या रांगेतली पोरे मला पाहून हसत होती. त्यातला एक नापास झाला, मी पास झाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

या गाडीला पेट्रोल लागत नाही. कूलर लावतो तशी भिंतीच्या बोर्डाला लावायची, सकाळी तयार. सेवाग्रामला जाऊन-येऊन वर बाजारही होतो. आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे पोटुशी बाई बसली तरी तिला मळमळत नाही. दळण, सिलिंडर, शाळेची पोरे, लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी गंजं, आजारी बकरी, एकदा तर अख्खे शिवणयंत्र आणि त्यावर शिवणारी बाई, सगळे या डब्याने वाहिले. गोपालची मोठी गाडी रस्त्यावरच उभी राहते आणि तो बॅगा ओढत बोळीतून येतो. दर दिवाळीला त्याच्या बॅगा आणायला माझा डबाच जातो. हे सांगताना मला आनंद होतो, तो मी लपवणार नाही.

मला दिसेनासे झाले तेव्हापासून डबा दीपमाला चालवते. तिचे पोट त्यावर आहे, आणि बोळीतल्या म्हाताऱ्यांचे पाय त्यावर आहेत. गेल्या दिवाळीला गोपाल त्याच्या बायकोला म्हणाला, "आईनंतर डबा विकून टाकू, दीपमालेले काहीतरी देऊन देऊ." मी आतल्या खोलीत जागी होते. काहीतरी म्हणजे काय रे? तिने काहीतरी केले का? तिने सगळे केले.

म्हणून लिहिते: सदर डबा, त्याची किल्ली, कागदपत्रे, चार्जिंगची वायर, आणि डबा चालेल तोवर अंगणातील शेड व बोर्ड वापरण्याचा हक्क, हे सर्व मी दीपमाला हरिदास थूल हिला देते. त्यावर माझ्या मुलाचा, नातीचा किंवा भाऊबंदांचा कोणताही हक्क राहणार नाही. ती आमच्या जातीची नाही, हे मला कोणी सांगायला येऊ नये. ज्याला ते मोजायचे असेल त्याने पायी जावे.

कलम ५. दीपमाला, तुला सूचना. दवाखाना आधी, बाजार नंतर. बोळीत हॉर्न वाजवू नको, आवाज दे. पावसात वायर फरशीवर ठेवू नको. भाडे तू ठरव, बोळीला ठरवू देऊ नको, नाही तर फुकट न्यायला लावतील. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात तशी डब्याचीही कर. पुढच्या चाकांच्या वर हळद-तूप लाव, पण थोडेच, रंग जातो. पोळ्याच्या दिवशी दारोदार ने आणि बोजारा माग. बैलाच्या नावाने घरोघरी जो मान मिळतो तो याच्याही नावाने मिळाला पाहिजे. लाजू नको. मी कधी लाजले नाही.

कलम ६. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, भैय्याजी उरकुडे, राहणार भिंतीपलीकडे, यांना मी काहीही देत नाही. भांडे नाही, धागा नाही, काही नाही.

याचे कारण लिहिणे भाग आहे. आमच्या पोळ्याचे तोरण भैय्याजी बांधतात. कोणाची जोडी कुठे उभी राहील ते तेच ठरवतात. रूपरावांच्या जोडीची जागा पारापाशी होती. डबा घेतला त्या वर्षी मी त्याला बाशिंग बांधले, घुंगरमाळ घातली आणि त्या जागेवर नेऊन उभा केला. आमच्यात भासरा भावजयीशी थेट बोलत नाही. म्हणून भैय्याजी हवेकडे पाहून म्हणाले, "सांगा तिले, पोळा बैलाचा असते. डब्याचा नाई." मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मीही हवेलाच म्हटले, "सांगा त्यायले, बैलाचं काम जो करते त्याचा पोळा. माह्या माणसाले खाटेवर नेलं तवा तुमचे बैल कुठं होते?" साऱ्या गावासमोर म्हटले. त्यांनी डबा पोरांकडून ढकलून बाहेर काढला. तेव्हापासून भिंतीच्या अलीकडून पलीकडे शब्द गेलेला नाही. रूपरावांच्या बैलांची झूलही त्यांच्याच घरी राहिली. ती मी मागत नाही आणि देतही नाही.

पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून पुढचेही लिहिते.

भैय्याजींची बायको, माझी जाऊ जिजाबाई, हिला गुडघ्यांच्या उपचारासाठी दर सोमवारी सेवाग्रामला जावे लागते. ती डब्यातूनच जाते. नवऱ्याला कळू नये म्हणून शाळेमागे जाऊन बसते. ज्या बाईला उंबरा ओलांडता येत नव्हता ती शाळेमागे चालत कशी जाते, हे भैय्याजींनी एकदाही विचारले नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या बाजूची लाइन गेली. रविवार दुपार झाली तरी डबा चार्ज झालेला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी जिजाबाईचा सोमवार. मी जेवून जरा पडले. उठून बघते तर डब्याचा दिवा लुकलुकत होता. भैय्याजींच्या गोठ्याच्या खिडकीतून, भिंतीवरून, एक लांब वायर आली होती. त्यांची लाइन दुसरी आहे. पलीकडे ते गाईवर उगाच मोठ्याने ओरडत होते. डबा चार्ज झाल्यावर मी वायर नीट गुंडाळून भिंतीवर ठेवली. त्या दिवशी मला रडू आले आणि रागही आला, कारण आता धड भांडताही येईना.

आणि आणखी एक. त्या पोळ्यानंतर दर पोळ्याला मी पाराजवळून जाते. पाराजवळची ती जागा रिकामी असते. लोक जागेसाठी हमरीतुमरीवर येतात, तरी तिथे भैय्याजी कोणाची जोडी उभी राहू देत नाहीत.

गोपाल माझे ऐकत नाही, पण मोठ्याबाबांचे, म्हणजे भैय्याजींचे, ऐकतो. या कागदावर मोठ्याबाबांची सही असली तर तो दीपमालेच्या हातातून किल्ली घेणार नाही. बोळीतलेही कोणी ब्र काढणार नाही. अनुपला मी विचारले, तर तो म्हणाला, "काकू, साक्षीदार होणाऱ्याले मृत्युपत्रात काही मिळायला नको. त्याच्या बायकोलेही नको." म्हणून भैय्याजींना काही नाही. म्हणूनच जिजाबाईलाही काही नाही. तिची सोमवारची जागा मी तिला देत नाही, ती तिचीच आहे.

आज सोमवार आहे. जिजाबाई दीपमालेबरोबर सेवाग्रामला गेली आहे, भैय्याजी घरी एकटे आहेत. हा कागद अनुप त्यांच्याकडे घेऊन जाईल आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवील, माझे टोमणे आहेत तिथेही. मग तो मला आणि तानबाला बोलावील, आणि सह्या एकमेकांसमोर होतील. त्यांना सही करायची नसेल तर न करोत. मी दुसरा साक्षीदार शोधणार नाही. शुक्रवारी पोळा आहे. डबा गुरुवारी धुऊन ठेवू.

वर लिहिलेले सगळे माझे आहे, शब्दही माझेच आहेत. वकिलाने फक्त टाइप केले आणि कलमांचे आकडे टाकले.

सही: शकुबाई रूपराव उरकुडे (अंगठा नाही, सही आहे, नीट पाहावे)

ठिकाण: सेलू, जिल्हा वर्धा
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

शकुबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार १: तानबा महादेव झाडे, पिठाची चक्की, सेलू. (सही)

साक्षीदार २: भैय्याजी नारायण उरकुडे, सेलू. (सही)

(सहीखाली त्याच हस्ताक्षरात)
शकू, सगळं आयकलं. गोपालले मी सांगतो. शुक्रवारी डबा पारापाशी आणजो, दीपमालेलेच चालवू दे. रूपरावची झूल धुवून वाळू घातली. डब्याले आखूड पडून राह्यली. जिजा दवाखान्यातून आली का तिच्याकून जोड लावून घेतो.