माशाचा दगड

दि. ९ जानेवारी

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आणि काकूंचा खोकला, दोघांची खुशाली आधी कळवा. माझी विचाराल तर शनिवारी वर्गाची सहल नेली होती, तेव्हापासून घसा बसलाय. अडतीस मुलं, एक बस आणि मी. एकाला बस लागली, दोघींनी डबे अदलाबदल करून वर भांडण केलं, आणि एक महाशय पडक्या जकातनाक्याच्या भिंतीवर चढले ते उतरायलाच तयार होईनात. तरी दिवस छान गेला. सकाळी टेहळणीचा बुरूज, दुपारी जकातनाका, आणि शेवटी मुद्दाम राखून ठेवलेला जुना दगडी पूल. तुम्ही आणि बाबांनी ज्याची डागडुजी केली तोच. मी मुलांना ऐटीत सांगितलं की या पुलाला माझ्या वडिलांचे हात लागलेत. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण तिथे उभं राहिल्यावर ते शेजारीच आहेत असं वाटलं.

पुलाच्या कठड्याखाली कोरीव दगडांची रांग आहे ना, बैल, कासव, बगळा वगैरे, त्यातला मासा पोट वर करून पडलेला आहे. फलकावर लिहिलंय की नदी आटली त्या दुष्काळाची ही आठवण. ते मी मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावलं. तर आमच्या वर्गातली एक मुलगी पुढे आली. तिला सगळे ‘पणबाई’ म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं. तिचं म्हणणं, बाकी सगळ्या दगडांना पाणी गळून पडावं म्हणून खालच्या काठाला खाच आहे, या एकट्याची खाच वर आहे आणि तिच्यात पाणी साचून शेवाळ आलंय. म्हणजे दगडच उलटा बसवलाय.

काका, मला राग आवरला नाही. सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, की दगडकामात जन्म घालवलेल्या माणसांपेक्षा तुला जास्त कळतं का. मुलं हसली. काल तिच्या टिपणावर लाल शाईने शेरा मारला, ‘फलक नीट वाचावा’. सहलीपासून ती वर्गात मान खाली घालून बसते. एकही ‘पण’ नाही. मला चुटपुट लागून राहिली आहे.

तेव्हा तुम्ही चार ओळी लिहून पाठवा, की तो मासा मुळातच तसा होता. वर्गात वाचून दाखवीन, म्हणजे तिचंही समाधान होईल आणि माझंही. काकूंना नमस्कार. लोभ तुमच्या गुडघेदुखीसारखा वाढता असू द्या.

तुमची पुतणी

दि. १७ जानेवारी

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

काकूचा खोकला गेला. आता ती पूर्ण आवाजात बोलते, त्यावरून काय ते समज. गुडघा आहे तिथेच आहे. तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. पुतणीला पत्र लिहायचं तर एवढा घाम कशाला फुटतोय, असं काकूने विचारलं, तेव्हा म्हटलं, लिहूनच मोकळं व्हावं.

तुझी पणबाई बरोबर आहे. दगड उलटा आहे, आणि तो मी बसवला. दादाने नाही, मी.

कसं झालं ते सांगतो. जुना दगड उतरवताना त्यावर चुन्याची एक रेघ ओढायची, म्हणजे परत बसवताना बाजू चुकत नाही. दादा ही रेघ दगडाच्या डोक्यावर ओढायचा. मी ज्या मिस्त्रींकडे शिकलो ते बुडाला ओढायचे, म्हणजे रेघ चुन्यात गाडली जाते आणि वर डाग राहत नाही. आम्ही पुलाच्या दोन टोकांना कामाला होतो, आणि ज्याने उतरवला त्यानेच बसवायचा, त्यामुळे कधी अडलं नाही. एक दिवस दादा तापाने पडला. माशाचा दगड त्याने उतरवलेला, बसवला मी. जुन्या लेपाखाली तेव्हा ना मासा धड दिसत होता ना खाच. रेघ तेवढी दिसली, ती मी खाली घातली. पंधरा दिवसांनी दगड घासून धुतले, तेव्हा मासा पोट वर करून बाहेर आला.

मी रडकुंडीला आलो. कामावर कायम व्हायला दोनच महिने उरले होते. दादा म्हणाला, तू गप्प राहा, चूक माझी, रेघ कुठे ओढतो ते मी सांगायला हवं होतं. साहेबांनी विचारलं असतं तर त्याने स्वतःचं नाव सांगितलं असतं, पण कोणी विचारलंच नाही. पुढे एक अभ्यासू गृहस्थ आले, त्यांनी मासा पाहिला आणि दुष्काळाचा शोध लावला. फलक लागला तेव्हा आम्ही दोघं त्याच्यासमोर पोट धरधरून हसलो, आणि नंतर माना खाली घालून घरी आलो.

दादा माझ्यासाठी गप्प राहिला, आणि त्याच्या अभिमानापोटी तू त्या पोरीला गप्प केलंस. हे माझ्याच्याने सोसवत नाही. वर्गात काय सांगायचं ते तू ठरव. लोभ उरला असेल तर उत्तर पाठव, नसला तरी पाठव.

तुझा काका

दि. २४ जानेवारी

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुमच्यावर चिडले, मग माझ्यावर. बाबांच्या कामावर कोणी बोट ठेवू नये म्हणून मी एका बारा वर्षांच्या पोरीचं सगळ्यांसमोर हसं केलं, आणि बाबांनी तर तुमची चूकही आपल्या अंगावर घेतली होती. मला फार लाज वाटली.

सोमवारी वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं, की सहलीत ती बरोबर होती आणि मी चुकले. तुमची रेघही फळ्यावर काढून दाखवली. तिच्या वहीतला शेरा खोडून खाली लिहिलं, ‘फलकच चुकला आहे’. तिने ते दोनदा वाचलं, आणि मग तिच्या तोंडून ‘पण’ निघाला. अख्खा वर्ग हसला, या वेळी तीसुद्धा. तिचा प्रश्न असा, की पण मग फलक कोण बदलणार. नाहीतर पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा तेच उतरवून घेणार.

जुन्या वास्तूंच्या कचेरीत मी अर्ज केला तर ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत. हे सांगू शकणारं माणूस आता एकच उरलंय. मी गळ घालणार नाही, पण मनापासून सांगते, बोला, काका. माया पातळ होईल अशी शंकाही मनात आणू नका.

तुमची पुतणी

दि. ६ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

काल काकूला घेऊन कचेरीत जाऊन आलो. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिसऱ्या टेबलावरच्या कारकुनाने तक्रारीचा छापील अर्ज पुढे सरकवला. तक्रार कोणाची, आणि कोणाविरुद्ध. मी दोन्ही रकान्यांत माझंच नाव लिहिलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. एक नाव खोडा म्हणाला. मी नाही म्हटलं. काकूने तिच्या नव्या आवाजात दुजोरा दिल्यावर तो उठून साहेबांकडे गेला.

साहेब म्हणजे तुझ्याच वयाची एक बाई निघाली. तिने मला खुर्ची दिली, कागद पुढे केला, आणि रेघ कुठून कुठे ते माझ्याकडून काढून घेतलं. दगडाला आता हात लावणार नाहीत, पण फलक नवा लागेल. त्यावर गवंड्याची चूक असंच लिहिणार, आणि खाच पहिल्यांदा एका विद्यार्थिनीला दिसली हेही लिहिणार. तेवढं मी लिहूनच घेतलं. पणबाईला सांग.

निघताना तिने विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत. मी म्हटलं, मोठ्या भावाने गप्प राहा म्हणून सांगितलं होतं, आता त्याच्याच मुलीने बोला म्हणून सांगितलं. एवढं तोंडातून गेलं, आणि बाळे, त्या परक्या खुर्चीत बसून मी ढसाढसा रडलो. दादा गेला त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं.

तुझाच,
काका